हिमशिखरे, सह्यकडे आणि प्रकाश : पर्वतछायाचित्रणाचा एक मागोवा

लखनौ हे सपाटीवरचे शहर. गोमतीच्या काठाकाठाने कितीही चालत गेले, तरी डोळ्यांना अडवील अशी एक टेकडीही येथे आढळावयाची नाही. असे असूनही येथल्या मराठी घरांच्या दिवाणखान्यांत पर्वत हमखास भेटतो. एका भिंतीवर रायगडाचे वा सिंहगडाचे चित्र असते, दुसऱ्या भिंतीवर नैनीताल-कौसानीच्या सहलीत टिपलेली त्रिशूळाची किंवा नंदादेवीची शुभ्र रांग असते. एक पर्वत जन्मभूमीचा, दुसरा कर्मभूमीच्या शेजारचा. या दोहोंच्या मध्यावर आपण मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या संसार मांडून राहिलो आहोत. तेव्हा हा पर्वत त्या चौकटीत शिरला कसा, त्याला कोणी, कशा प्रकाशात व कोणत्या दृष्टीने बसविले, आणि त्यासाठी कोणाकोणाला कोणते मोल द्यावे लागले, याचा विचार मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात करणे अप्रस्तुत ठरू नये.

पर्वताचे सौंदर्य आपल्याला परकीयांनी शिकविले, असे मानण्याचे मुळीच कारण नाही. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चा आरंभच हिमालयाच्या वर्णनाने होतो. आणि त्यात मेघ पर्वताच्या मध्यावर फिरत असताना वरची शिखरे मात्र उन्हात असतात, हे प्रकाशाचे मर्मही कवीने अचूक टिपले आहे. परंतु वर्णन आणि चित्र यांत एक मूलभूत भेद आहे. कवीला पर्वत एका श्लोकातून दुसऱ्या श्लोकात नेता येतो. चित्रकाराला मात्र चार बाजू आखून घ्याव्या लागतात. काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे, याचाच निर्णय त्याला आधी करावा लागतो. छायाचित्रकाराची अडचण तर याहूनही मोठी. चित्रकार नको ते झाड गाळू शकतो, हवा तो ढग रंगवू शकतो. छायाचित्रकाराला फक्त आपली जागा बदलता येते किंवा वाट पाहता येते. जागा आणि वेळ, ही दोनच साधने त्याच्या हाती. रचना आणि प्रकाश या दोन शब्दांचा अर्थ शेवटी एवढाच होय.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी ही विद्या हिंदुस्थानच्या बंदरांत उतरली. १८५४ साली मुंबईस छायाचित्रण-मंडळ स्थापन झाले. कलकत्ता व मद्रास येथील मंडळे त्यानंतरची, १८५६ सालची. मुंबईच्या या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे उत्साहाने काम करीत. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि त्यात शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत नाव मिळविले. म्हणजे ही कला या देशात बाल्यावस्थेत असतानाच आपल्या लोकांच्या हाती आली होती. मात्र त्यांचा भर राहिला तो माणसांची चित्रे घेण्यावर. पर्वताकडे त्यांचा कॅमेरा फारसा वळला नाही. याचे कारण केवळ खर्च व सामग्री एवढेच नसावे. आपल्या लेखी डोंगर म्हणजे ओलांडावयाचा घाट, लढवावयाचा गड किंवा दर्शनास जावयाचे देवस्थान. लांब उभे राहून नुसताच पाहत राहावा, असा 'देखावा' तो अद्याप झाला नव्हता.

तो देखावा झाला तो मुख्यतः १८६३ सालापासून. त्या वर्षी सह्याद्रीत बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. या कामाचा ठेका घेणारे सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर अल्पावधीतच वारले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम नेटाने पुढे नेले. घाटाच्या बांधकामाची जी जुनी छायाचित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांत कडे आहेत, दऱ्या आहेत, पण चित्राचा नायक आहे तो पूल व बोगदा. पर्वत तेथे जिंकावयाचा अडथळा म्हणून उभा आहे. याच १८६३ साली सॅम्युअल बोर्न नावाचा एक तरुण इंग्रज कलकत्त्यास उतरला. नॉटिंगहॅमच्या बँकेतील नोकरी सोडून तो केवळ छायाचित्रणासाठी इकडे आला होता. सिमल्यास त्याने भागीदारीत व्यवसाय मांडला. पुढे 'बोर्न अँड शेफर्ड' या नावाने जगप्रसिद्ध झालेली पेढी ती हीच. कलकत्त्यातील तिचे दुकान अगदी २०१६ सालापर्यंत चालू होते.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे काय दिव्य होते, याची आज खिशात कॅमेरा बाळगणाऱ्या पिढीला कल्पना येणे कठीण. काचेच्या मोठ्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतावयाचे, ती काच काळोख्या तंबूत रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून काही सेकंद प्रकाश द्यावयाचा, आणि ती सुकण्यापूर्वी पुन्हा तंबूत धाव घेऊन प्रतिमा प्रकट करावयाची. हा सारा खटाटोप काही मिनिटांच्या आत आटोपावा लागे. म्हणजे जेथे चित्र घ्यावयाचे, तेथे अंधारकोठडी, रसायने, काचा आणि स्वच्छ पाणी हे सर्व हजर हवे. हिमालयाच्या कड्यावर पाणी गोठे, वाऱ्याने तंबू उडे, आणि सकाळपासून वाट पाहिलेले शिखर नेमक्या क्षणी ढगाआड जाई.

अशा सामग्रीनिशी बोर्नने तीन मोठ्या यात्रा केल्या. पहिली १८६३ सालच्या जुलैअखेरीस सिमल्याहून निघाली. सुमारे तीस हमाल घेऊन, सतलजच्या खोऱ्यातून स्पितीपर्यंत जाऊन, दहा आठवड्यांत त्याने १४७ काचा टिपल्या. दुसरी १८६४ सालची काश्मीरची. ती नऊ महिने चालली आणि तीत ५४६ काचा झाल्या. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे, या यात्रेचा शेवट आपल्याच गावी झाला. मरी, दिल्ली, कानपूर करीत बोर्न १८६४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लखनौस पोहोचला. तिसरी यात्रा १८६६ ची; कुलू, लाहौल, स्पिती करून तो गंगेच्या उगमापर्यंत, गोमुखापर्यंत गेला. वाटेत मनिरंग खिंडीत त्याने चित्रे घेतली. त्या खिंडीची उंची त्याने १८,६०० फूट सांगितली आहे. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी कॅमेरा उभा केला नव्हता, आणि पुढेही बरीच वर्षे हा विक्रम अबाधित राहिला.

बोर्नने आपल्या प्रवासाची हकीकत इंग्लंडातील छायाचित्रणविषयक नियतकालिकात लिहून ठेवली आहे. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. ज्या हिमालयासाठी हा गृहस्थ हाडे गोठवून घेत होता, तोच हिमालय त्याच्या चौकटीत बसत नव्हता! मनात ठसा होता तो इंग्लंडातील चित्रकलेचा : पुढे एखादे झाड, मध्ये पाणी, पाण्यावर पूल, मागे डोंगर. काश्मीरच्या सरोवरांत हे सारे त्याला आयते मिळाले आणि तो हरखून गेला. सिमल्याभोवतालच्या डोंगरांत मात्र ना तळे, ना पूल. नुसत्या एकामागून एक उठलेल्या अजस्र वरंडी. त्या डोळ्यांना भव्य दिसत, परंतु काचेवर उतरताच खुज्या होऊन जात. लखनौस त्याला ही अडचण आली नसणार. रूमी दरवाजा असो, इमामबाडा असो वा रेसिडेन्सीचे भग्नावशेष असोत, इमारत मुळातच माणसाच्या मापाने रचलेली असते. तिची रचना वास्तुकाराने आधीच केलेली. छायाचित्रकाराने योग्य कोन शोधावयाचा. पर्वताची रचना मात्र कोणी केलेली नसते. ती पाहणाराला करावी लागते.

या अडचणीतूनच पर्वतछायाचित्रणाचा पहिला धडा मिळाला, आणि तो आजही जुना झालेला नाही. पर्वताची उंची पर्वतावरून कळत नाही. ती कळते त्याच्या पायथ्याशी असलेल्या लहान वस्तूवरून. एखादे देवदाराचे झाड, दगडी छपराचे घर, वाटेवरची मेंढरे, पाठमोरा वाटसरू यांपैकी काही चौकटीच्या पुढील भागात आले, की मागचे शिखर एकदम आपल्या खऱ्या मापाने उभे राहते. दुसरा धडा अंतराचा. जवळची वरंड गडद, त्यामागची फिकट, त्यामागची निळसर धूसर. हवेतील बाष्प व धूळ यांच्यामुळे होणारी ही पायरीपायरीची विरळता डोळ्याला खोलीचा आभास देते. ज्या दिवशी हवा अगदी धुतल्यासारखी स्वच्छ असते, त्या दिवशी शिखर स्पष्ट दिसते हे खरे. पण कित्येकदा चित्र सपाट येते, ते याच कारणाने.

आता प्रकाशाविषयी. बोर्नच्या काळची ओली काच निळ्या रंगाला अतिशय हळवी होती. परिणामी निळे आकाश काचेवर पांढरेफटक उतरे, आणि पांढऱ्या आकाशावर पांढरे बर्फ उठून दिसणार कसे? शिखराची कडा आकाशात विरघळून जाई. कित्येक छायाचित्रकार ढगांची वेगळी काच घेऊन ती चित्रात छापत. पुढे सर्व रंगांना यथायोग्य प्रतिसाद देणारी फिल्म आली, भिंगावर पिवळी वा लाल काच लावून आकाश गडद करता येऊ लागले, आणि हिमशिखर खऱ्या अर्थाने झळाळू लागले. इटलीच्या वित्तोरिओ सेला याने १८९९ साली कांचनजंगेच्या परिसरात व १९०९ साली के-टूच्या हिमनद्यांवर मोठ्या काचा नेऊन जी चित्रे घेतली, ती आजही गिर्यारोहक अभ्यासतात. अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ साली योसेमिटीच्या 'हाफ डोम' कड्याचे चित्र लाल काच लावून घेतले. त्यातील जवळजवळ काळे आकाश हे डोळ्यांनी दिसलेले नव्हे, मनाला जाणवलेले आकाश होते. कॅमेरा केवळ नक्कल करतो, हा समज अशा चित्रांनी खोटा ठरविला.

येथे जरा थांबून या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते तंबू, त्या काचा, ती रसायने गोमुखापर्यंत आणि मनिरंगच्या बर्फापर्यंत कोणी नेली? पहाडी हमालांनी. बोर्नच्या लेखनात हमाल पळून गेल्याच्या तक्रारी आहेत, आणि आपण त्यांच्यावर काठी चालविल्याची निःसंकोच कबुलीही आहे. ऐन हंगामात शेत टाकून, अनवाणी पायांनी बर्फ तुडवीत परक्याचे ओझे वाहावयाचे, ही त्या काळच्या पहाडातील बेगारीची रीत होती. ती मोडावयास १९२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी बेगारीच्या वह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या. बोर्नचे नाव प्रत्येक चित्राखाली आहे. त्या हमालांपैकी बहुतेकांचे नाव कोठेही नाही. यामुळे त्या चित्रांचे सौंदर्य उणावत नाही. परंतु ती पाहताना चौकटीबाहेर उभ्या असलेल्या या माणसांची आठवण ठेवणे, हे पाहणाराचे कर्तव्य होय.

हिमालयाकडून सह्याद्रीकडे वळले, की प्रकाशाचे सारे गणितच पालटते. कुमाऊँमधून आपण हिमशिखरांकडे पाहतो ते उत्तरेस तोंड करून. सूर्य दिवसाचा बराच भाग आपल्या पाठीशी असतो, म्हणून दुपारी शिखरे सपाट व भगभगीत दिसतात. सकाळी व सायंकाळी ऊन कडेने आले, की प्रत्येक वरंडीची सावली पडते आणि पर्वताला अंग येते. सह्याद्रीचा मुख्य कडा मात्र पश्चिमेस कोकणाकडे तोंड करून उभा. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. दुपार टळल्यावर त्याच्यावर ऊन येते आणि मावळतीच्या तिरप्या प्रकाशात लाव्ह्याचे आडवे थर पायऱ्यांसारखे एकेक करून उजळतात. बर्फ आणि कातळ यांचा स्वभावही उलटा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून चालतो. म्हणून त्याच्यावर विसंबल्यास शुभ्र बर्फ मळकट येते, आणि काळा कातळ फिका पडतो. बर्फासाठी प्रकाश थोडा वाढवावा, कातळासाठी थोडा कमी करावा, हा नियम आजच्या मोबाइलमधील कॅमेऱ्यालाही लागू आहे.

सह्याद्रीतील प्रकाशाचा सर्वांत अद्भुत आविष्कार म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरील इंद्रवज्र. सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके भरलेले, असा योग आला, म्हणजे त्या धुक्यावर पाहणाराची सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण वर्तुळाकार सप्तरंगी कडे उमटते. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावरील आपल्या १८३५ सालच्या निबंधात या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. छायाचित्रणाच्या जन्माआधीची ही नोंद! गंमत अशी, की या दृश्यात प्रत्येकाला ते कडे स्वतःच्याच मस्तकाभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नव्हे.

आमच्या पिढीला गडांकडे पाहावयास शिकविले ते गो. नी. दांडेकरांनी. 'दुर्ग भ्रमणगाथा' लिहिणारे हे गोनीदा कॅमेराही बाळगीत. गडाची वाट, तट, बुरूज, टाके यांच्याशी त्यांचे नाते रहिवाशाचे होते, पाहुण्याचे नव्हे. बोर्नला पर्वत 'देखावा' होता. गोनीदांना तो नांदते घर होता. त्यानंतरची पायरी गोपाळ बोधे यांची. त्यांनी आकाशातून महाराष्ट्राच्या किल्ल्यांची छायाचित्रे घेतली. वरून पाहताच माची, बालेकिल्ला आणि तटाची वळणे एखाद्या नकाशाप्रमाणे उलगडतात, आणि दुर्गरचना करणाराने डोंगराच्या नैसर्गिक उताराचा किती विचार केला होता, हे सामान्य माणसालाही कळून चुकते. २०१४ साली बोधे गेले. त्यांची चित्रे मात्र किल्ल्यांच्या अभ्यासकांना पुढेही उपयोगी पडतील.

प्रकाशाच्या वेळेचा विचार करताना लखनौच्या मराठी माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. १९२६ साली त्यांच्या प्रेरणेने येथे मॅरिस कॉलेज निघाले, पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वाढविले, आणि आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. भातखंडे यांनी रागांची वेळ सांगताना 'संधिप्रकाश' रागांचा एक वर्ग मानला : कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार घेणारे भैरव, पूर्वी यांसारखे राग, दिवस व रात्र यांच्या सांध्यावर गावयाचे. पर्वताच्या छायाचित्रकाराचीही उत्तम वेळ नेमकी हीच. सूर्य क्षितिजालगत असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, निळा अंश वाटेतच विखुरतो, आणि तांबूस-सोनेरी अंश शिखरापर्यंत पोहोचतो. दरीत अंधार असताना नंदादेवीचा माथा प्रथम गुलाबी, मग केशरी, मग पांढरा होतो. हा सोहळा काही मिनिटांचाच असतो. ज्याने आधीच जागा ठरवून ठेवली, त्यालाच तो साधतो. सूर्य उगवल्यावर जागा शोधू लागणाऱ्याच्या हाती भगभगीत दुपारच येते.

इतके सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. केवळ भिंतीच्या शोभेसाठी असते, तर एवढा विस्तार मी केला नसता. बोर्नने १८६६ साली गोमुखाचे जे चित्र घेतले, ते त्याच्या दृष्टीने एक सुंदर दृश्य होते. आज ते पुरावा आहे. गंगोत्रीची हिमनदी मागे हटत आहे. १९३५ साली भूवैज्ञानिक ऑडेन याने तिच्या मुखाचे मोजमाप केले, त्यानंतरच्या सहा दशकांत ते मुख सुमारे एक किलोमीटर मागे गेले. जुन्या चित्राच्या जागी उभे राहून, त्याच ऋतूत, त्याच दिशेने नवे चित्र घेतले, म्हणजे कोणत्याही आकड्यांवाचून हे सत्य डोळ्यांसमोर उभे राहते. गंगोत्रीस अनेक दशके राहिलेले स्वामी सुंदरानंद यांनी हेच व्रत आयुष्यभर चालविले. मूळचे ते आंध्रातले; घरापासून इतक्या दूर येऊन त्यांनी हिमालयाला आपले मानले, कॅमेरा हाती घेतला, आणि हिमनदीचे आक्रसणे वर्षानुवर्षे टिपून ठेवले. २००१ साली त्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ निघाला. डिसेंबर २०२० मध्ये ते निवर्तले. नैनीतालचे अनुप साह यांनीही कुमाऊँचे पर्वत असेच निष्ठेने टिपले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या मंडळातील कुटुंबांच्या जुन्या अल्बमांत नैनीताल, राणीखेत, कौसानी, बदरी-केदार येथील कितीतरी चित्रे पडून असतील. त्यांत आजी-आजोबा हसत उभे आहेत, आणि त्यांच्या मागे एक हिमशिखर आहे. आजवर आपण पुढच्या माणसांकडे पाहिले. आता मागच्या पर्वताकडेही पाहावे. त्या उतारावर तेव्हा किती बर्फ होते, रान कोठवर होते, वस्ती कोठवर होती, हे त्या चित्रांत नोंदले गेले आहे. माझी नम्र सूचना एवढीच, की प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : जागा, महिना व वर्ष, दिवसाची वेळ, आणि तोंड कोणत्या दिशेस होते ते. पाचवी गोष्ट म्हणजे चित्रातील माणसांची नावे. आणि त्यांत सामान वाहणाऱ्या पहाडी सोबत्याचे नाव ठाऊक असेल, तर तेही अवश्य लिहावे. सुट्टीत गावी गेल्यावर सह्याद्रीचे चित्र घ्याल, तेव्हाही हेच करावे. ज्या वडीलधाऱ्यांना या गोष्टी आठवतात, ती मंडळी आज आपल्यात आहेत. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर न ढकलता या दिवाळीतच हाती घ्यावे, हे बरे.